15 बार की 20? घरच्या एस्प्रेसो मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

‘एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?’ अशी पत्रं गेल्या काही महिन्यांत नाशिकच्या सगळ्या भागांतून आली. बहुतेक पत्रांत एक-दोन मशीनची नावं असतात आणि ‘यातलं कोणतं’ असा प्रश्न असतो. ग्राइंडरचा, पाण्याचा, दुधाचा उल्लेख क्वचितच. कपातली चव मात्र या तिघांवरच जास्त ठरते. म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंच. सकाळी एकेक कॅपुचिनो, रविवारी मुलगा-सून आले की चार कप. सगळं मिळून 40 हजारांत बसवायचं आहे. एका मशीनच्या खोक्यावर 15 बार लिहिलंय, दुसऱ्याच्या 20. वीसवालं जास्त चांगलं का? (गंगापूर रोड)

उत्तर : बारच्या आकड्यावरून मशीन निवडू नका. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण 9 बार दाब पुरतो, त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही. हा 9 चा आकडा जुना आहे. इटलीत 1940 च्या दशकाच्या अखेरीस गॅजियाची स्प्रिंग आणि दांड्याची मशीन आली. त्या स्प्रिंगचा दाब 8-9 बारच्या घरात होता आणि त्या दाबालाच कॉफीवर तपकिरी-सोनेरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, धरला. 1961 मध्ये फेमा कंपनीच्या ई-61 ने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला, पण दाब तोच राखला. तुम्ही पाहिलेले 15 आणि 20 हे आकडे पंपाचे आहेत. पुढची वाट पूर्ण बंद केली तर पंप जास्तीत जास्त किती रेटेल, एवढंच ते सांगतात. पाणी वाहू लागलं की खरा दाब कॉफीचं दळण किती बारीक आणि थर किती घट्ट यावर ठरतो. बऱ्या मशीनमध्ये जास्तीचा दाब टाकीत परत सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो 9 बारला लावलेला आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. साधारण 800 वॅटचं, वर स्क्रूचं जाड झाकण असलेलं, 3.5 किंवा 5 बार लिहिलेलं छोटं मशीन ‘एस्प्रेसो मेकर’ म्हणून विकलं जातं. त्यात पंपच नसतो. बंद भांड्यात पाणी उकळतं आणि वाफ ते कॉफीतून ढकलते. पाणी जास्त तापतं, दाब कमी पडतो, कॉफी कडवट आणि पातळ उतरते. भेट म्हणून मिळालं असेल तर वापरा, पण वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत ते झाकण फिरवू नका.

आता कामाचा प्रश्न : पाणी तापतं कसं? घरगुती मशीनमध्ये चार रीती आहेत. थर्मोब्लॉकमध्ये धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक वाटेतून जाता जाता पाणी तापतं. मिनिटभरात तयार, वीज कमी, जागा कमी. सिंगल बॉयलरमध्ये छोटी टाकी असते आणि तीच कॉफीला व वाफेला आलटून-पालटून वापरायची. गॅजिया क्लासिक आणि रॅन्सिलिओ सिल्विया ही त्यातली जुनी, भरवशाची नावं. हीट एक्स्चेंजर आणि डबल बॉयलरमध्ये शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) आणि वाफ एकाच वेळी मिळते, पण मशीन नीट तापायला 20-25 मिनिटं जातात आणि किंमत तुमच्या हिशोबाच्या कितीतरी पुढे जाते.

दोन माणसांना थर्मोब्लॉक किंवा सिंगल बॉयलर पुरे. रविवारच्या चार कपांसाठी क्रम एवढाच सांभाळा : आधी दोन शॉट काढा, मग एकाच जगमध्ये दोन कपांचं 300 मिली दूध वाफवा, ओता. नंतर वाफेच्या नळीतून पाणी सोडून मशीन थंड करा. फुसफुसणं थांबून सरळ धार आली की तापमान कॉफीच्या जागी उतरलं. मग पुढचे दोन. हे थंड करणं राहिलं तर तिसरा कप हमखास जळका लागतो, आणि लोक दोष कॉफीला देतात.

पैशांची वाटणी अशी करा : 12 ते 15 हजार आधी ग्राइंडरसाठी बाजूला काढा. वजनकाटा, दुधाचा स्टीलचा जग आणि जाळीतली कॉफी दाबायचा नीट मापाचा टँपर यांना 3 हजार. उरलेल्यात बसेल ते पंपाचं मशीन. हे उलटं करणारे फार. 35 हजारांचं मशीन घेतात आणि बिया मिक्सरमध्ये फिरवतात. मिक्सरचं पातं बी तोडतं, दळत नाही. काही पीठ होतं, काही रवा. पाणी रव्यातून धावतं आणि पिठात अडकतं, एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही उतरतं. ही चूक कुठलंच मशीन झाकू शकत नाही. 40 हजारांत हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या, विजेच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा तो केव्हाही सरस. बघायची गोष्ट एकच : एका क्लिकला त्याची पाती 10 ते 20 मायक्रॉनच सरकली पाहिजेत. याहून मोठी पायरी असली तर एका क्लिकवर शॉट 15 सेकंदांत धावतो आणि पुढच्या क्लिकवर थेंबथेंब गळतो. मधलं काही हाताला लागतच नाही. 16 ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं. मनगट दुखत असेल तर विजेच्या ग्राइंडरसाठी थांबून पैसे साठवा, पण ‘आत्ता मशीन, ग्राइंडर दिवाळीला’ असं करू नका. ग्राइंडरशिवायचं मशीन तोवर ओट्यावर नुसतं उभं राहतं.

प्रश्न : थर्मोब्लॉकचं 51 मिमी हँडलचं मशीन घेतलं. सोबत दोन प्रकारच्या जाळ्या आल्या. दुकानातून दळून आणलेली कॉफी एकेरी जाळीत घातली तर 8 सेकंदांत कप भरतो, पाणचट आणि आंबट. दुहेरी जाळीत फेस छान येतो. मशीन खराब आहे का? (पंचवटी)

उत्तर : मशीन ठीक आहे. जाळी म्हणजे हँडलमध्ये बसणारी, कॉफी भरायची छिद्रांची वाटी. दुहेरी जाळी उजेडाकडे धरून खालून बघा. तळाला एकच सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीमुळे नाही. दळण जाडंभरडं असलं तरी फेस येतो, पण तो फवाऱ्याचा फेस, क्रेमा नव्हे. एकेरी जाळीत तळभर शेकडो छिद्रं असतात. तिथे पाण्याला अडवायचं काम कॉफीनेच करायचं. दुकानाचं दळण सर्वांना चालेल असं मधलं असतं, ते पाण्याला अडवत नाही. म्हणून 8 सेकंद. दळलेलीच कॉफी वापरायची असेल तोवर दुहेरी जाळीच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

ग्राइंडर आला की एकेरी जाळी काढा आणि असं करा. मशीन चालू करून रिकामं हँडल लावा, कपभर गरम पाणी नुसतंच सोडा. थर्मोब्लॉकचं पहिलं पाणी कोमट असतं आणि थंड हँडल उरलेली उष्णता खातं. आंबट शॉटचं निम्मं कारण इथेच असतं. जाळी कोरडी पुसा. 15 ग्रॅम बिया मोजून दळा. सराफ बाजारात 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारे खिशातले काटे मिळतात, तेवढा पुरतो. दळण जाळीत ओतलं की गाठी असतात. बारीक सुईने तळापासून वरपर्यंत गोल-गोल ढवळून त्या फोडा. टँपर सरळ धरून दाबा. किती किलोने दाबलं याची चिंता नको, थर दबेनासा झाला की झालं. पृष्ठभाग मात्र कपाळासारखा सपाट हवा. तिरका दाबलात तर पाणी पातळ बाजूने वाट काढतं.

कप काट्यावर ठेवा, पंप सुरू करतानाच वेळ मोजायला लागा. 15 ग्रॅम कॉफीतून 30 ग्रॅम पेय 25 ते 30 सेकंदांत यायला हवं. 18 सेकंदांत आलं, तर दळण दोन क्लिक बारीक. 45 सेकंद लागले, थेंबथेंब आलं, तर दोन क्लिक जाडं. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन आणि दळण एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही. वेळ बरोबर असून आंबट लागत असेल, तर तेवढ्याच कॉफीतून 35 ग्रॅम काढून बघा. कडू आणि कोरडं लागत असेल तर 27 वर थांबा.

जाळीत कॉफी जास्त झाली का, हे बघायची सोपी युक्ती : दाबलेल्या थरावर धुतलेलं एक रुपयाचं नाणं ठेवा, हँडल मशीनला लावा आणि न चालवता काढा. नाण्याचा ठसा खोल उमटला असेल तर एक ग्रॅम कमी करा. वर जागा नसली की थर मशीनच्या वरच्या, पाणी सोडणाऱ्या जाळीला चिकटतो आणि फुटतो.

तुमच्या मशीनसारख्या लहान मशीनमध्ये शॉटनंतर दाब सोडणारा तिहेरी व्हॉल्व्ह बहुधा नसतो. त्यामुळे शॉट संपल्याबरोबर हँडल काढलंत तर गरम चोथा अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबा. चोथा वरून ओलसर, चिखलासारखा निघेल. तो याच कारणाने, चूक तुमची नाही.

कॉफी कोणती हेही याच ओघात. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते पाकीट सोडा. भाजल्यापासून साधारण 7 ते 30 दिवस हा तिचा काळ. अगदी ताजी असताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड शॉट फुगवतो, महिन्यानंतर क्रेमा विरळ होतो. चिकमगळूर आणि कूर्गच्या मध्यम ते थोड्या गडद भाजणीच्या बिया नवख्या हाताला जमतात. थोडा रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात) मिसळलेला असेल तर क्रेमा जाड येतो आणि दुधात चव टिकते. पावसाळ्यात डबा घट्ट झाकणाचा हवा. फ्रिजमध्ये उघडझाप करत ठेवू नका, थंड बियांवर बाष्प धरतं आणि दळण गाठाळतं.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. गीझर दर वर्षी उघडून क्षार खरवडावे लागतात. मशीनमध्ये आरओचंच पाणी घातलं तर प्रश्न मिटेल ना?

उत्तर : एक मिटेल, दुसरा उभा राहील. पण गीझरची खूण तुम्ही बरोबर वाचली आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून वर आलेलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. तापलं की त्यातलं बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. गीझरची नळी बोटाएवढी, मशीनमधली वाट काडीएवढी. गीझर वर्षभर तग धरतो, थर्मोब्लॉक काही महिन्यांतच कुरकुरायला लागतो. पंपाचा आवाज चढतो, धार मंदावते, वाफेचा जोर जातो.

नुसतं आरओचं पाणी घातलं तर क्षार धरत नाहीत, पण कॉफी सपाट आणि टोचरी आंबट लागते, कारण आम्ल शमवायला पाण्यात काहीच उरलेलं नसतं. तसं पाणी तांब्या-पितळेच्या भागांनाही हळूहळू खातं. काही बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळईने ओळखतात. इतक्या शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, मशीनला टाकी रिकामीच वाटते आणि ते पाणी भरतच राहतं.

यावरचा उपाय किराणा दुकानात मिळतो : खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, साधा खाण्याचा सोडा. 20 लिटरच्या जारला 1.7 ग्रॅम. एवढ्याने पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शमवायची ताकद, लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास येते, आंबटपणा गोलसर होतो, आणि कॅल्शियम नसल्याने थर धरायला काही उरत नाही. सोडा आधी ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग जारमध्ये ओता. अंदाजाने चिमूट टाकू नका. चौपट झाला तर कॉफी साबणासारखी लागते.

पाणी तपासायचं तर टीडीएस मीटरवर विसंबू नका. त्यात एकूण विरघळलेलं दिसतं, कठीणता वेगळी कळत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची चाचणी मिळते. 5 मिली पाण्यात थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. बहुतेक चाचण्यांत एक थेंब म्हणजे कठीणतेचा एक जर्मन अंश, म्हणजे लिटरला जवळपास 18 मिलिग्रॅम. 3 ते 5 अंशांचं पाणी कॉफीला उत्तम आणि मशीनला सहन होणारं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी ज्यांच्या टाकीत एकत्र येतं त्यांनी चाचणी जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात पुन्हा करावी. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की जानेवारीचा आकडा उपयोगाचा राहत नाही.

थर धरलाच असेल तर लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम विरघळवा. एक तृतीयांश मशीनमधून सोडा, काही वाफेच्या नळीतूनही. 15 मिनिटं थांबा, पुन्हा एक तृतीयांश, पुन्हा थांबा, मग उरलेलं. नंतर दोन टाक्या साधं पाणी. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ॲसिड रात्रभर ठेवायचं नाही, ते धातूलाही खातं. आणि कंपनीच्या पुस्तिकेत दुसरं काही सांगितलं असेल तर ते ऐका. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात आठवडाभर राहतो. मोठ्या बॉयलरच्या मशीनला घरी ॲसिड पाजू नका. सुटलेल्या खपल्या बारीक जेटमध्ये जाऊन अडकतात आणि किरकोळ काम मोठं होऊन बसतं.

प्रश्न : धाकटा भाऊ अमेरिकेतून येताना मशीन आणतो म्हणतोय, तिकडे स्वस्त मिळतं. कन्व्हर्टर लावून चालेल? (इंदिरानगर)

उत्तर : भावाला नको म्हणून सांगा. तिथलं मशीन 120 व्होल्टचं, आपली वीज 230 ची. थेट लावलं तर हीटर नेमून दिलेल्याच्या साडेतीन पटीहून जास्त वीज ओढेल आणि काही सेकंदांत जळेल. प्रवासातले छोटे कन्व्हर्टर 1400 वॅटचा भार पेलत नाहीत. खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर 2000 व्हीएचा लागतो. तो जड असतो, तापतो आणि ओट्याखालची जागा अडवतो. एवढं करूनही फ्रीक्वेन्सी बदलत नाही. घरगुती मशीनचा कंप पावणारा पंप तिथे सेकंदाला 60 ठोके मारतो, इथे 50 मारेल. धार बदलते आणि पंप जास्त तापतो.

युरोपातलं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचं मशीन चालतं. त्याचा दोन गोल पिनांचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून कापून 16 अँपिअरचा तीन पिनांचा बसवून घ्या, अर्थिंगची तार जोडली आहे ना ते समोर उभं राहून बघा. 1450 वॅटचं मशीन 6.3 अँपिअर घेतं. ओट्यावरचा 6 अँपिअरचा छोटा पॉइंट त्याला नाही पुरत. एक्स्टेन्शन बोर्डही नको, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर अजिबात नको.

प्रश्न : आमच्याकडे गवळ्याचं म्हशीचं दूध येतं. फेस येतो पण साबणासारखे मोठे बुडबुडे, आणि मिनिटात बसतो. (सातपूर)

उत्तर : तीन कारणं असू शकतात. तुमच्या वाफेच्या नळीवर प्लॅस्टिकची किंवा स्टीलची जाड बाही असेल तर ती आधी काढून बघा. ती बाही स्वतःच हवा खेचते आणि मोठे बुडबुडे करते. आतली बारीक नळी मोकळी झाली की हवा किती घ्यायची ते तुमच्या हातात येतं.

दुसरं, दूध. गवळ्याचं कच्चं दूध उकळल्याशिवाय वापरायचं नाही, हे ठरलेलंच. उकळलं की साय येते, आणि सायीचे तुकडे फेसात गेले की तो फाटतो, नळीची छिद्रंही बुजतात. उकळून फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, साय काढा, बारीक गाळणीने गाळा. मग वापरा. पाकिटाचं पाश्चराइज्ड दूध उकळावं लागत नाही, फ्रिजमधून थेट जगमध्ये. 3 टक्के फॅटच्या टोन्ड दुधाचा फेस लवकर उभा राहतो पण चव पातळ. 6 टक्क्यांच्या फुल क्रीमचा फेस कमी, पण दाट. आमच्या मते कॅपुचिनोला 4.5 टक्क्यांचं स्टँडर्डाइज्ड उत्तम. उतरणीला लागलेल्या, दोन दिवसांच्या दुधाचा फेस कितीही केलं तरी बसतोच. त्यात फॅट फुटलेलं असतं.

तिसरं, हात. 350 मिलीच्या जगमध्ये 150 मिली गार दूध. आधी वाफ फडक्यात सोडून नळीतलं पाणी काढा. नळीचं टोक दुधाच्या जेमतेम खाली, मध्यापासून थोडं बाजूला. कागद फाडल्यासारखा बारीक चर्रर्र आवाज यायला हवा. खदखद म्हणजे टोक फार वर, किंचाळी म्हणजे फार खाली. हा आवाज फक्त 4-5 सेकंद, जग हाताला कोमट लागेपर्यंत. मग टोक सेंटिमीटरभर खाली न्या आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. मोठे बुडबुडे त्या भोवऱ्यातच मोडतात. जगच्या तळाशी हात ठेववेनासा झाला की बंद. ते झालं 60-65 अंश. 70 च्या वर गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. लगेच नळी ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा क्षणभर वाफ सोडा. वाळलेलं दूध नळीत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तेच कपात येतं.

प्रश्न : घरात चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर असते. तीच मशीनमध्ये चालेल? (नाशिकरोड)

उत्तर : नाही. चिकोरीचा बराचसा भाग पाण्यात विरघळून चिकट होतो, जाळीची छिद्रं लिंपतो आणि पंप कण्हायला लागतो. मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते, पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं ते वाचा. त्या पावडरीला तिचं भांडं आहे : दोन मजली पितळी किंवा स्टीलचा फिल्टर, भांडी बाजारात सहज मिळेल. त्यात ती कॉफी सुरेख होते.

प्रश्न : ओळखीतल्या एकांचं सिंगल बॉयलरचं 58 मिमी हँडलचं मशीन, आठ वर्षांचं, निम्म्या किमतीत मिळतंय. शिवाय कॉलेज रोडला एक कॅफे बंद होतोय, त्यांचं दोन हँडलचं मशीनही जवळपास त्याच भावात. कोणतं घेऊ? (अंबड)

उत्तर : कॅफेचं सोडून द्या. दोन हँडलच्या मशीनला 3 ते 4 किलोवॅट, स्वतंत्र जाड वायर, पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याची नळी लागते. दिवसाला दोन कपांसाठी तेवढं पाणी रोज तापवायचं, ही विजेची नासाडी.

58 मिमीचं घरगुती मशीन मात्र चांगलं वय काढतं, कारण त्याचे भाग सुटे होतात आणि बदलता येतात. बघायला जाताना सकाळची वेळ मागा आणि मशीन आधी तापवून ठेवू नका म्हणून सांगा. थंड मशीन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे. दोन-तीन मिनिटांत घराचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडला तर हीटरला गळती आहे, तिथेच थांबा. तापल्यावर आंधळी जाळी, म्हणजे छिद्रं नसलेली, लावून पंप 10 सेकंद चालवा. हँडलच्या कडेने पाणी आलं तर रबरी गॅस्केट कडक झालंय. ते काही शेकड्यांचं काम आहे, भाव पाडायला कारण म्हणून वापरा. बटण बंद केल्यावर खालच्या ट्रेमध्ये फुस्स आवाजाने पाणी सुटलं तर तिहेरी व्हॉल्व्ह जिवंत आहे. नाही सुटलं तर त्यात क्षार किंवा कॉफीचा राळ बसलाय. वाफ सुरुवातीच्या थेंबांनंतर कोरडी यायला हवी. ट्रे काढून खाली टॉर्च मारा. बॉयलरच्या सांध्यापाशी पांढरे-हिरवे ओघळ दिसले तर गळती जुनी आहे. शेवटी मालकाला विचारा, पाणी कोणतं घालत होतात? बोअरचं म्हणाले तर बॉयलर उघडून साफ करण्याचा खर्च धरूनच भाव ठरवा.

तुम्ही अंबडचेच, त्यामुळे एक सोय घराजवळ आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे ओ-रिंग, सील आणि रबराचे भाग ठेवणारे इथे सापडतात. जुनं गॅस्केट घेऊन जा, नसेल तर व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजून लिहून न्या. रबर खाद्यपदार्थांना चालणारं ईपीडीएम किंवा सिलिकॉन मागा. साधं नायट्राइल वाफेत लवकर दगड होतं. बसवताना लावायचं ग्रीसही खाद्योपयोगी सिलिकॉनचंच.

मशीन घरी आलं की तिहेरी व्हॉल्व्हला आठवड्यातून एकदा धुवायला हवं : आंधळ्या जाळीत 3 ग्रॅम कॉफी-मशीनची क्लिनिंग पावडर, पंप 10 सेकंद चालू, 10 सेकंद बंद, असं पाच वेळा. मग पावडरीशिवाय तसंच पाच वेळा. पहिल्या वेळी ट्रेमध्ये तपकिरी फेस बघून घाबरू नका, तो आठ वर्षांचा आहे.

प्रश्न : मी एकटाच, निवृत्त. दुधाची कॉफी घेत नाही. सकाळी एक कप कडक काळी हवी. त्यासाठी एवढं मशीन घ्यावं का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : तुम्हाला विजेच्या मशीनची गरज नाही. कडक आणि दाट एवढंच हवं असेल तर मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, घ्या. 1933 पासून त्याची रचना जवळजवळ तशीच आहे. त्याचा दाब दीड-दोन बार, म्हणजे एस्प्रेसो नव्हे, पण कप भरघोस होतो. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंत उकळीचं पाणी, जाळीत दळण रव्याहून बारीक, काठोकाठ पण अजिबात न दाबता. मंद आच. फुर्रर्र सुरू झाली की लगेच उतरवा आणि बुड ओल्या फडक्यावर टेकवा. शेवटची फुर्रर्र कपात येऊ दिली की सगळा कडवटपणा येतो. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही. गॅसच्या स्टँडवरून लहान मोका घसरतो, वर एक जाळी ठेवा.

खरी एस्प्रेसोच हवी असेल तर हाताने दांडा दाबायचं मशीन बघा, दाबाचा काटा असलेलं. वीज नाही, पंप नाही, क्षारांचं दुखणं नाही. चांगला हात-ग्राइंडर मात्र इथेही लागेलच. 16 ग्रॅम कॉफी. दांडा पहिली 5-8 सेकंद हलका ठेवून थर भिजू द्या, मग काटा 8-9 वर नेऊन सावकाश 32 ग्रॅम काढा, शेवटी काटा उतरला तरी चालतो. पाणी ओतायच्या आधी वरचा सिलिंडर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून तापवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने आपल्याकडे पाणी 98 अंशांनाच उकळतं. त्यात थंड धातूने आठ-दहा अंश खाल्ले की हलक्या भाजणीची कॉफी आंबटच उतरणार. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सिलिंडर एकदा नव्हे, दोनदा तापवा आणि कपही गरम पाण्याने भरून ठेवा.